तुतीवरचा हळद्या

१० मार्च

एका वहीत खोटं लिहिलं की दुसऱ्या वहीत खरं लिहावंच लागतं, नाहीतर अन्न गोड लागत नाही. म्हणून ही वही. नातीची आहे. पहिल्या चार पानांवर बेरजा आहेत, त्याही चुकलेल्या.

काल ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं. एक महिना तीन दिवस तिथे होते. उजवा हात, उजवा पाय गेलेला, तोंड थोडं वाकडं. पस्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, अख्खं मार्गिलान ह्यांना दोमला म्हणतं, आणि आता तोंडातून दोनच शब्द निघतात. ‘असू दे.’ चहा गरम लागला का? असू दे. उशी सरकली का? असू दे. डॉक्टर म्हणाले, बाकीचे शब्द येतील हळूहळू. नेमके हेच का राहिले कोण जाणे. बेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून मी हे फारसे ऐकलेले नाहीत.

दवाखान्यात नेताना गडबडीत मी त्यांच्या तोंडाशी रोटी धरली होती. लांब जाणाऱ्याने घास तोडायचा, उरलेली रोटी तो परत येईपर्यंत भिंतीला टांगायची. गाडीवाला ओरडत होता, ‘खाला, पेशंट आहे तो, पाव्हणा नाही!’ ओरडू दे. ह्यांनी डाव्या बाजूने एवढासा तुकडा तोडला. काल ती रोटी खाली काढली, दगड झाली होती. चहात बुडवून एक घास ह्यांना भरवला आणि बाकीची कुस्करून अंगणात टाकली. लगेच चिमण्या उतरल्या. हे ओसरीवरच्या खाटेवरून बघत होते, आणि डावा हात कपाटाकडे करत होते.

पक्ष्यांची वही हवी होती. चाळीसहून जास्त वर्षं अंगणात आलेला प्रत्येक पक्षी ह्यांनी लिहिलाय. तारीख, वेळ, पक्षी, कुठे बसला, आणि शेवटी खूण. स्वतः पाहिला तर बरोबरची खूण. नुसता आवाज कानावर आला तर गोल. दुसऱ्या कुणी सांगितलं तर प्रश्नचिन्ह. मी कधी म्हटलं, अहो, तुम्ही शाळेत होतात तेव्हा असा असा पक्षी येऊन गेला, की झालंच, प्रश्नचिन्ह. मी काय खोटं बोलते का, यावरून आम्ही कितीदा भांडलो असू.

पेन्सिल हातात दिली ती गळून पडली. मग मीच लिहिलं, ‘चिमण्या, सात, रोटीच्या चुऱ्यावर,’ आणि वाचून दाखवलं. ह्यांनी डोळे उजवीकडे नेले. मान तिकडे वळत नाही, नुसते डोळे. उजवीकडे, ओसरीच्या भिंतीआड, तुती आहे.

होती.

ह्यांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा मोहल्ल्याने आमच्याकडे हशर केला. वीस माणसं घमेली-फावडी घेऊन आली. एक पैसा कुणी घेत नाही, मी फक्त पुलाव घालायचा. संडास अंगणाच्या पार टोकाला, पाय गेलेल्या माणसाला तिथवर कसं न्यायचं, म्हणून ओसरीला लागून नवा बांधून दिला त्यांनी. ह्यांना उभं करता येईपर्यंत भांड्यावरच भागवायचं. जागेसाठी तुती गेली. हशरवाल्यांनी तोडली. आमच्या लग्नाच्या वर्षी ह्यांनी तिच्यावर स्वतः कलम बांधलं होतं. अर्ध्या झाडाला पांढरी तुतं, अर्ध्याला काळी.

काल आत आणताना मी ह्यांच्या चेहऱ्यावर रुमाल टाकला. सून मोहलार म्हणाली, ‘ओयी, काय हे, मेलेल्या माणसासारखं?’ मी म्हटलं, ‘ऊन लागतंय त्यांना.’ आभाळ भरून आलं होतं.

डॉक्टरांनी बजावलंय, धक्का बसता कामा नये. ह्यांचे डोळे उजवीकडेच होते. मी वहीत लिहिलं, ‘साळुंक्या, तीन, तुतीवर.’ आणि मोठ्याने वाचलं.

‘असू दे,’ ते म्हणाले.

१३ मार्च

संध्याकाळी किती शांत असतं आता. पूर्वी दिवस कलला की तुतीवर चिमण्या आणि साळुंक्या जमून असा कलकलाट करायच्या की टीव्हीवरची बातमी ऐकू येत नसे. ह्यांना बरं वाटत असणार. त्या वेळी डोळे मिटून, कान देऊन पडून असतात.

वहीत लिहिलं, ‘साळुंक्या, पाच, तुतीवर.’

२१ मार्च

नवरोझ. सकाळपासून माणसांची रीघ. प्रत्येकाला मी दारातच गाठलं, ‘तुतीचं नाव काढू नका बरं का.’ शाळेतले मास्तर लोक समजूतदार, माना हलवून आत गेले. शेजारची तुरसुनॉय मात्र म्हणाली, ‘अगं, एवढं झाड, किती दिवस लपवशील? आणि बरं झालं की गेलं ते. माश्या काय, घाण काय.’ हे मीच तिला तीस वर्षं ऐकवत आले होते, आता ती मला ऐकवत होती.

खोटं कसलं, औषधच आहे ते. गोळीला साखर लावतात तसं. दोमला बरे झाले, उठून बसले की मी स्वतः सांगणार आहे.

ह्यांना वाटीभर सुमलक दिला, नवरोझची मोडाच्या गव्हाची खीर, सगळा खाल्ला. डाव्या हातात आता थोडी ताकद आहे. मोहलार रोज रबरी चेंडू दाबून घेते. पोरगी चांगली आहे, फक्त माझ्याकडे बघते तेव्हा जरा जास्त वेळ बघते.

२ एप्रिल

आज हुदहुद आला. खराखुरा. डाळिंबाच्या आळ्यात लांब चोच खुपसत खुपसत चालला होता, डोक्यावरचा तुरा कधी उघडतोय कधी मिटतोय, शाळेच्या इन्स्पेक्टरसारखा. मी रोट्या लावत होते. ह्यांनी खाटेच्या कठड्यावर हात आपटला म्हणून बघितलं. चांगली पंधरा मिनिटं बसला असेल तो. मी तशीच, पिठाचे हात घेऊन, खाटेच्या कडेला टेकले. आम्ही दोघं एका वेळी एकाच गोष्टीकडे बघत बसलोय असं कधी झालं होतं का? मला आठवेना.

मला पक्ष्यांचा काडीचाही सोस नव्हता, कधीच. माझ्या लेखी पक्षी म्हणजे धुतलेल्या गोधड्यांवर जांभळे डाग. पण हुदहुद बघताना ह्यांचं तोंड डावीकडून हसलं. ते मला किती दिवसांनी दिसलं.

लिहायला बसले तर पेन्सिलीचं टोक मोडलेलं. कालच तासली होती. मोहलारला विचारलं तर म्हणते, ‘मला काय माहीत, ओयी.’

‘हुदहुद, एक, डाळिंबाखाली.’ तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण ह्यांचे डोळे पुन्हा उजवीकडे गेले आणि मी पुढे लिहिलंच, ‘होले, दोन, तुतीवर.’

१७ एप्रिल

‘हशरवाल्यांनी तोडली’ असं मी पहिल्या पानावर लिहिलंय. या वहीतही खोटंच लिहायचं तर दोन वह्या कशाला हव्यात?

हमरोकुल अका हशरचे मुकादम होते. पलीकडच्याच घरात राहतात, बांधकामाचं सगळं कळतं त्यांना. दोरी लावून माप घेतलं आणि माझ्याकडे आले. मी कढईपाशी होते, गाजरं परतत होते. म्हणाले, ‘सबोहत ओपा, जागा बेताची आहे. एक तर तुती जाईल, नाहीतर तुमचा तंदूर पाडून तिकडे परसात हलवावा लागेल. घाई नाही, विचार करून सांगा.’

मी म्हटलं, ‘तुती.’

विचार केला नाही. वर मानसुद्धा केली नाही. हमरोकुल अकांनीच परत विचारलं, ‘दोमलांना नाही ना वाईट वाटायचं?’ तर मी म्हटलं, ‘झाडासाठी कोण रडतं आता? माणूस जगला हे नशीब समजा.’ मोहलार चहाची किटली घेऊन तिथेच उभी होती. ती म्हणाली, ‘ओयी, दादांना एकदा...’ मी तिला म्हटलं, ‘तुझ्या सासऱ्याला बोलता येतं का? कांदा चिर.’ सकाळचे दहा वाजले होते. अकरापर्यंत झाड आडवं.

तंदूर हलवला असता तर काय बिघडलं असतं? वीस पावलं जास्त चालावं लागलं असतं. माती कालवून नवा तंदूर दोन आठवड्यांत उभा राहतो, मी स्वतः दोनदा बांधलाय.

लहानपणी रेशमाच्या किड्यांसाठी मी तुतीच्या फांद्या तोडून तोडून हात सोलून घेतले. मोठी झाले तर कारखान्यात रेशीम. लग्न करून आले तर अंगणात तुती, आणि नवरा तिच्या खाली वही घेऊन बसलेला. सुट्टीच्या दिवशी मी हाक मारायचे आणि ते बोट ओठांवर ठेवायचे. गप, पक्षी उडेल.

झाड पडताना पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहायला किती वेळ लागला मला. नवरा दवाखान्यात पडलेला आणि मला कढईत झारा फिरवता फिरवता बरं वाटलं होतं.

पुलाव सगळ्यांना आवडला.

४ मे

हळद्यांची जोडी आली.

दर वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात हिंदुस्तानातून येतात असं हे मुलांना शिकवायचे. आधी शीळ ऐकू आली. मी पळत अंगणात गेले. पिवळेजर्द, दोघं. छपरावरून सरळ आत आले, जिथे तुतीचा शेंडा असायचा तिथवर, आणि तिथे हवेतच अडखळले. जिना संपलाय हे न कळता आपण आणखी एका पायरीसाठी पाय टाकतो ना, तसे. वळून गेले, परत आले, परत अडखळले. तीनदा. मग नर नव्या संडासाच्या पत्र्यावर उतरला. गरम पत्रा. क्षणभरसुद्धा टेकला नाही. शेवटी हमरोकुल अकांच्या पॉप्लरच्या झाडावर जाऊन बसले आणि तिथून शीळ घालत राहिले.

ओसरीवर आले तर ह्यांचा चेहरा उजळलेला. माझ्याकडे बघत होते. मी वही घेतली. ‘हळद्या, दोन, तुतीवर.’

ह्यांनी डोळे मिटले. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. आनंदाने आलं असेल. वाराही होता म्हणा.

६ मे

चारनंतर ऊन थेट ह्यांच्या तोंडावर येतं. तुतीची सावली इतकी लांब येत होती हे माझ्या कुठे ध्यानात होतं? मुलाला सांगून चादर बांधून घेतली. ‘यंदा ऊन काय वाढलंय,’ मी म्हटलं.

‘असू दे.’

१६ मे

मोहलार भांडी घासता घासता म्हणाली, ‘ओयी, तुतांचे दिवस आले. दादांना आता तुतं लागतील.’ सहज बोलावं तसं बोलली. भांडंही खाली ठेवलं नाही.

सकाळीच बाजारात गेले. पांढरी एका बाईकडून घेतली, काळी मिळेनात, सगळा बाजार पालथा घातला. टोकाच्या म्हाताऱ्याकडे होती. तो म्हणाला, ‘मार्गिलानच्या बाईने तुतं विकत घ्यायची म्हणजे कमाल झाली. घरात झाड नाही?’ मी म्हटलं, ‘पुष्कळ आहे. तुम्ही वजन करा.’

दोन्ही एकत्र केली, वर चार पानं ठेवली, घरची वाटावीत म्हणून. काय काय सुचतं माणसाला. ह्यांनी एक पांढरं उचललं, सावकाश खाल्लं. मग एक काळं. मग ताट जरा दूर सारलं आणि एक पांढरं उचलून माझ्या तोंडाशी धरलं.

खाल्लं मी. पाणचट होतं. आमची पांढरी बाजू मधासारखी होती, दाढेखाली चिकटायची. मला जर फरक कळतो तर ह्यांना का कळू नये? जीभही अर्धी गेली असेल. डॉक्टरांना विचारायला हवं.

मी काही विचारलंसुद्धा नव्हतं, तरी ‘असू दे’ म्हणाले.

२३ मे

हमरोकुल अका आले. मार्चपासून कोकंदला कामावर होते, आजच परतले, आणि हात धुऊन थेट दोमलांना भेटायला. टोपलीभर चेरी घेऊन. इतके दिवस मी दारात पहारा केला आणि आज नेमकी तंदूरपाशी होते. चहा घेऊन ओसरीवर पोचले तेव्हा अका खाटेजवळ मांडी घालून बसलेले आणि जोरात चाललेले. बोलता न येणाऱ्या माणसाला ऐकूही येत नाही असं वाटतं लोकांना.

‘दोमला, आता झोपून राहायचं काम नाही! नातीच्या लग्नात नाचायचंय आपल्याला. संडास कसा आहे ते सांगा. एक वीट वाकडी सापडली तर माझी मिशी कापा. पण तुमची तुती म्हणजे चीज होती हं. लोखंड! करवतीच्या दोन साखळ्या बोथट केल्या तिने. शेवटी सहा जणांनी दोर लावून ओढली, तेव्हा कुठे आली.’

माझ्या हातात किटली तशीच राहिली. अकांना माझा चेहरा दिसला. ‘म्हणजे... आम्हीच तोडली, दोमला. जागाच नव्हती. माफ करा.’

ह्यांनी अकांच्या गुडघ्यावर डावा हात ठेवला. ‘असू दे.’

‘बघा,’ अका माझ्याकडे वळून म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. ‘बघा ओपा, केवढं मन आहे.’

ते गेले. हे उजवीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. मी आत जाऊन धुतलेले पेले परत धुतले.

म्हणजे आज कळलं ह्यांना. धक्का बसला नाही, श्वास बरा आहे, नाडी मोहलारने बघितली. आणि अकांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं. भला माणूस. आता एकच गोष्ट माझ्याकडे उरली आहे, आणि ती मी गिळून टाकली तर या जगात कुणी मला विचारायला येणार नाही. मोहलार बोलणार नाही. बोलायची असती तर केव्हाच बोलली असती.

२४ मे

सांगितलं.

सकाळी रोट्या काढल्या, पहिली गरम रोटी फडक्यात गुंडाळून ह्यांच्यापुढे ठेवली आणि खाली पायाशी बसले. म्हटलं, ‘अहो, अकांनी काल स्वतःवर घेतलं ते खरं नाही. त्यांनी मला विचारलं होतं. तुती की तंदूर, असं विचारलं होतं. मी तुती म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही मी तुतीच म्हटलं.’ एवढं बोलून थांबायचा विचार होता, पण मग सगळंच आलं. गोधड्या, माश्या, ओठांवरचं बोट. झाड पडताना मला बरं वाटलं, तेही. ‘तुम्ही मरणाच्या दारात होतात आणि मी तुमच्या झाडाशी हिशेब चुकता केला,’ असं म्हटलं मी.

ह्यांनी तंदूरकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी थांबले. चहा सांडला तरी ‘असू दे’ म्हणतात, सुई टोचली तरी म्हणतात, काल अकांना म्हणाले. मला वाटलं आता म्हणतील.

म्हणाले नाहीत.

मी रोटी पुढे केली. ह्यांनी हात पुढे केला नाही. डोळे मिटून घेतले.

२७ मे

तीन दिवस एक शब्द नाही. लापशी खातात, सूप घेतात, रोटीला हात लावत नाहीत. या घरात रोटीला कुणी नाही म्हटलेलं मी पाहिलेलं नाही. रागावलेला माणूससुद्धा एक तुकडा मोडतो.

आणि मी तरी कशी. अडीच महिने त्या दोन शब्दांचा मला कंटाळा आला होता. पोपटासारखं काय सारखं असू दे, असू दे. आता दिवसभर कान तिकडे लावून बसलेय.

मोहलारला म्हटलं, ‘हमरोकुल अकांना निरोप दे. पहार घेऊन या म्हणावं. तंदूर फोडायचाय.’

ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘तंदूर फोडून तुती उगवणार आहे का, ओयी? उद्यापासून मग दुकानातली रोटी आणायची, आणि तीही घरचीच म्हणून वाढायची.’

सून सासूला असं बोलत नाही. मी ऐकून घेतलं.

‘तुला सगळं ठाऊक होतं,’ मी म्हटलं. ‘मग गप्प का बसलीस?’

‘मला कुणी विचारलं नाही. कांदा चिर म्हणालात, मी कांदा चिरला.’ मग जरा वेळाने तिचा आवाज उतरला. ‘ओयी, तुम्ही वहीत रोज लिहिता. मागची पानं कधी बघता का?’

‘काय बघायचंय त्यात? मीच तर लिहिलंय.’

तिने परत भाजी निवडायला घेतली.

२८ मे

दुपारी ह्यांनी रोटी मागितली. बोलून नाही, बोट दाखवून. रोटी घरातल्या मोठ्या पुरुषाने मोडायची आणि एका हाताने ती मोडत नाही. मी एक बाजू धरली, ह्यांनी दुसरी ओढली. अर्धी खाल्ली. मला वाटलं आता बोलतील. नाही बोलले.

संध्याकाळी कपाटाकडे हात केला. चोवीस तारखेपासून मी वहीत काही लिहिलं नव्हतं. आणून दिली आणि म्हटलं, ‘काय वाचू आता? सगळं खोटं आहे त्यात.’ ह्यांनी मान हलवली, अंगठ्याने पानं मागे मागे सारत गेले आणि नऊ मार्चवर थांबले. वही माझ्याकडे फिरवली.

‘चिमण्या, सात, रोटीच्या चुऱ्यावर.’ पुढे बरोबरची खूण. वाकडीतिकडी, लहान मुलाने काढावी तशी.

‘साळुंक्या, तीन, तुतीवर.’ पुढे प्रश्नचिन्ह.

मी पान उलटलं. साळुंक्या, पाच. प्रश्नचिन्ह. हुदहुद, बरोबर. त्याच्याखालचे दोन होले, प्रश्नचिन्ह. एप्रिल सगळा तसाच. चार मेला, ‘हळद्या, दोन, तुतीवर,’ यातलं ‘तुतीवर’ खोडलं होतं आणि पुढे गोल होता. शीळ ऐकली होती ह्यांनी. हळद्या आले होते हे खरं होतं, तेवढं त्यांनी खरं ठेवलं होतं.

खुणा मागाहून केलेल्या म्हणाव्यात तर तसं नाही. मार्चमधल्या फिकट, थरथरत्या, मेमधल्या ठळक. हात सुधारत गेला तशा. मोडलेली पेन्सिल आठवली. ओसरीच्या दारात मोहलार उभी होती, मी बघितल्यावर आत गेली.

‘पहिल्या दिवसापासून?’ मी विचारलं.

ह्यांनी पापण्या मिटून उघडल्या.

‘कशावरून? रुमाल होता तुमच्या तोंडावर.’

ह्यांनी डाव्या हाताचं बोट कानाला लावलं. मला कळेना. मग बोट ओठांवर ठेवलं, पूर्वी ठेवायचे तसं, आणि मी गप्प बसले. ऊन उतरत होतं. चिमण्यांची वेळ. अंगणात काही म्हणजे काही आवाज नव्हता. लांब हमरोकुल अकांच्या पॉप्लरवर तेवढा कलकलाट चालला होता.

म्हणजे अडीच महिने मी रोज संध्याकाळी खोटं वाचत होते, आणि हे ते ऐकून असू दे म्हणत होते. बाजारातली तुतं खाल्ली आणि मलाही भरवली. मला वाटत होतं मी ह्यांना सांभाळतेय. त्यांना ठाऊक नव्हतं ते एकच, माझं नाव. ते कळलं आणि असू दे थांबलं.

मी पेन्सिल घेतली आणि ह्यांच्या वहीत, ह्यांच्या पद्धतीने लिहिलं. ‘२८ फेब्रुवारी, सकाळी दहा. तुती. तोडायला मी सांगितली.’ ही तारीख मागची आहे, वहीत ओळीने बसत नाही, पण लिहिली. मोठ्याने वाचली. मग एकदा परत वाचली.

मग पेन्सिल ह्यांच्या हातात दिली आणि वही धरून बसले.

बरोबरची खूण येणार नव्हती, ह्यांनी ते पाहिलेलं नाही. प्रश्नचिन्हाची मी तयारी केली होती. माझ्या शब्दाला या वहीत कायम तेच मिळालंय. पेन्सिल कागदावर टेकली आणि बराच वेळ तिथेच राहिली. मग ह्यांनी सावकाश गोल काढला.

ऐकलं. स्वतःच्या कानाने ऐकलं.

ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि डोळे उजवीकडे नेले. मी मुलाला हाक मारली, आम्ही दोघांनी खाट फिरवली. आता समोर नवी भिंत दिसते, पत्रा, आणि पायरीखाली बुंध्याची चकती. हे बघत राहिले. काही बोलले नाहीत.

वही आत ठेवताना परत उघडून बघितली. गोल पुरता मिटलेला नाही, वरच्या बाजूला थोडी फट राहिली आहे. डाव्या हाताचं काम. पेन्सिल जवळच होती, पण मी तो पुरा केला नाही.